ट्यूलिप राहू दे, आधी पाणी जमवा: एब्रू शिकणाऱ्यांसाठी जरा लांबलेलं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. एका ताईंनी पाण्यावर ट्यूलिप काढायचे रील्स बघून ऑनलाइन एब्रूचं किट मागवलं (एब्रू म्हणजे पाण्यावर रंग तरंगवून नक्षी करायची आणि ती कागदावर उचलायची कला). रंग टाकला की तळाला जातो, जो तरंगतो तो कागदावर येत नाही, आणि ट्यूलिप काढायला गेलं की कांदा होतो (शब्द त्यांचाच). तर किट बोगस आहे का? आणि दुसरं म्हणजे त्यांचा भाऊ सांगतोय की हे तुर्कस्तानचं वगैरे काही नाही, आपल्या विजापूरला आधीपासून होतं, त्यात कितपत तथ्य आहे?

मी पुण्यात पुस्तकबांधणी करते, जुनी पुस्तकं दुरुस्त करते, आणि अस्तराला लागणारा कागद स्वतःच करावा म्हणून चौदा वर्षांपूर्वी एब्रूकडे वळले. इस्तंबूलला उस्कुदारमध्ये दोन वेळा जाऊन राहून शिकले, एकदा तीन महिने, एकदा दीड. त्यामुळे जे खाली लिहितेय त्यातलं बरंचसं स्वतःचे कागद वाया घालवून कळलेलं आहे, आणि ते लांब होणार, चहा घेऊन बसा.

किट बोगस असेलही, पण तुमचे रंग बुडतायत त्याचं कारण बहुतेक किट नाही, पाणी आहे. एब्रू साध्या पाण्यावर होतच नाही हे रील्समध्ये कोणी सांगत नाही. ट्रेमध्ये जे दिसतं ते पाणी घट्ट केलेलं असतं, आपल्या पातळ ताकापेक्षा थोडं बुळबुळीत. तुर्कस्तानात त्यासाठी कित्रे वापरतात, म्हणजे तिकडच्या डोंगराळ भागात एक काटेरी झुडूप उगवतं, गेवेन म्हणतात त्याला, त्याच्या खोडातून येणारा डिंक. पांढरट, शिंपल्याच्या कपच्यांसारखे तुकडे असतात. दोन-तीन दिवस पाण्यात भिजवायचे, मधून मधून ढवळायचं, फुगून जेली झाली की मलमलच्या फडक्यातून पिळून गाळायचं, आणि परत गाळायचं. आता हे कित्रे म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, आपण उन्हाळ्यात सरबतात घालतो तो कतीरा, शब्द एकच आहे. मी परत आल्यावर मोठ्या खुशीत बोहरी आळीत जाऊन पाव किलो गोंद कतीरा आणला, आणि महिनाभर रंग का पसरत नाहीत म्हणून डोकं आपटत बसले. कारण आपल्याकडे कतीरा म्हणून जे मिळतं ते पुष्कळदा वेगळ्याच झाडाचा डिंक असतो, फुगतो छान, सरबताला उत्तम, पण त्याचं पाणी गोळ्यागोळ्यांचं राहतं, एकजीव होत नाही. तेव्हा त्याच्या नादी लागू नका. कॅरागीनन घ्या, समुद्री शेवाळाची पावडर असते ती, आइस्क्रीमवाले आणि बेकरीवाले वापरतात. लीटरला पाच-सहा ग्रॅम, मिक्सरमधून फिरवायचं आणि निदान बारा तास, खरं तर रात्रभर, झाकून ठेवायचं म्हणजे फेस बसतो. आणि पाणी आरओचं. बोअरचं जड पाणी असेल तर कॅरागीनन लगेच रुसतं. तुम्ही लिहिलंय की पावडर नळाच्या पाण्यात ढवळून दहा मिनिटांत रंग टाकायला सुरुवात केली. मग रंग बुडणार नाही तर काय होणार.

पाणी झालं की नाही हे कसं ओळखायचं? थोडा रंग टाका, टाचणीसारख्या दाभणाने (तिकडे त्याला बिझ म्हणतात) एक रेघ ओढा आणि दाभण उचला. रेघ जिथे सोडली तिथेच थांबली तर ठीक. स्प्रिंगसारखी मागे आली तर पाणी घट्ट आहे, थोडं आरओचं पाणी घाला. पुढे वाहत गेली तर पातळ. एवढी एकच परीक्षा रोज करा. माझ्या उस्कुदारच्या बाईंनी, आम्ही त्यांना होजाम म्हणायचो, म्हणजे आपलं 'बाई' किंवा 'गुरुजी' समजा, पहिले पाच दिवस मला रंगाला हात लावू दिला नव्हता. गाळ, परत गाळ, रेघ ओढ, सांग बघू काय झालं. मी मनातल्या मनात विमानाच्या तिकिटाचा हिशोब करत होते.

दुसरी गोष्ट पित्त. हो, खरं पित्त, जनावराचं. तुर्कीत ओद म्हणतात. बाटलीत रंग आणि पाणी एवढंच असेल तर थेंब पडल्यावर जागच्या जागी आकसून खाली जातो. पित्तामुळे पृष्ठताण कमी होतो आणि थेंब पसरतो, चपातीसारखा. पण गंमत इथून पुढे आहे. पहिला रंग पसरलेला असतो, दुसऱ्याला त्याला ढकलून जागा करायची असते, म्हणून दुसऱ्यात पित्त जरा जास्त, तिसऱ्यात आणखी जास्त. म्हणजे लाल, पिवळा, निळा असे तीन डबे असतील तर प्रत्येकाचं पित्ताचं प्रमाण वेगळं, आणि क्रम बदलला की सगळं गणित परत. पित्त कमी पडलं तर रंग बुडतो, जास्त झालं तर बाजूच्या रंगांना कोपऱ्यात दाबून मध्ये फिकट डोळा पाडतो. एब्रू करणारे दिवसभर वाकून काय करत असतात तर हेच, थेंबा-थेंबाने हा तोल सांभाळत असतात. रीलमध्ये दिसतो तो शेवटचा दीड मिनिट.

आता आपल्याकडची अडचण. तिकडे बैलाचं, वासराचं पित्त सर्रास वापरतात, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून उकळतात म्हणजे टिकतं आणि वास जरा कमी येतो. जरा. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे त्यामुळे ते इथे शोधू नका, म्हशीचं पित्त चालतं, मी सात-आठ वर्षं तेच वापरत होते. पण माझ्या क्लासला येणाऱ्यांत निम्मे लोक शाकाहारी, काहींना नुसती बाटली बघून मळमळायचं, म्हणून मी रिठ्याचं पाणी वापरून बघितलं. रिठे रात्रभर भिजवून, मंद उकळून, दोनदा गाळून. दोन-तीन रंगांपर्यंत छान चालतं, चौथ्या-पाचव्या रंगाला दमतं, आणि फेस करतं म्हणून हलवायचं नाही, हलक्या हाताने मिसळायचं. शिकायला एवढं पुरे आहे. तुमच्या किटमध्ये 'स्प्रेडिंग एजंट' म्हणून जी छोटी बाटली आहे तीही याच कामाची, फक्त सगळ्या रंगांत सारखे थेंब घाला असं जे त्या पत्रकावर छापलंय ते चूक आहे, वर लिहिलंय तसं चढत्या क्रमाने घाला.

कागदाचं पटकन सांगते. झेरॉक्सचा कागद नको, त्याला वरून लेप असतो. साधा, न चकाकणारा, पाणी पिणारा कागद. पारंपरिक तुर्की पद्धतीत मातीचे रंग आणि पित्त असल्यामुळे कागदाला काही लावायची गरज पडत नाही, पण किटमधले रंग ॲक्रिलिकसारखे दिसतायत, त्यांना तुरटी लागते. तुरटीचं पाणी स्पंजने एका बाजूला फिरवायचं, वाळू द्यायचं, आणि पेन्सिलने मागे फुली करून ठेवा, नाहीतर नंतर कुठली बाजू ते कळत नाही. हे मी अजूनही विसरते.

आता शब्दाबद्दल, कारण त्यातच तुमच्या भावाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. फारसीत अब्र म्हणजे ढग, आपलं अभ्र आणि ते सख्खे चुलत. अब्री म्हणजे ढगाळ, ढगांसारखे पट्टे असलेला कागद. तुर्कीतलं सगळ्यात जुनं जे हस्तलिखित या कलेवर मिळतं ते १६०८ चं, त्यातही 'एब्री' असाच शब्द आहे, पुढे बोलताना त्याचं एब्रू झालं. दुसरी एक व्युत्पत्ती तिकडे लोक आवडीने सांगतात, आब-रू, पाण्याचा चेहरा. ऐकायला फार सुंदर आहे आणि मराठी माणसाला तर आणखीच मजा, कारण हाच आब-रू आपल्याकडे अब्रू होऊन आला, ती जायची असते तीच. मी होजामना हे सांगितलं तेव्हा त्यांना इतकं हसू आलं की हातातला ब्रश ट्रेमध्ये पडला. व्युत्पत्ती म्हणून मात्र ढगाचं पारडं जड आहे. आणि आमच्या धंद्यातले जुने बाईंडर वहीच्या पुठ्ठ्यावर लावायच्या रंगीत नक्षीच्या कागदाला अबरी म्हणतात. मी पहिल्यांदा तो शब्द एका म्हाताऱ्या बाईंडरकाकांकडून ऐकला, ते म्हणाले अबरी लाव गं त्याला, साधं नको, तेव्हा तो इतक्या लांबून आलाय हे दोघांनाही माहीत नव्हतं.

तर विजापूर. भाऊ अर्धा बरोबर आहे. सतराव्या शतकात आदिलशाहीत अबरी कागदाचं जे काम झालं तसं दुसरीकडे क्वचित दिसतं. तुर्कांनी अबरी मुख्यतः अस्तराला, चौकटीला, सुलेखनाच्या कडेला वापरली. विजापूरच्या चित्रकारांनी आकृतीच अबरीची केली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये १६२५ च्या आसपासचं एक चित्र आहे, एक मरतुकडा घोडा, बरगड्या मोजून घ्याव्यात असा, आणि त्याच्यावर स्वार. त्यात अबरीच्या लाटा अशा पडल्यात की अंगाची सुरकुतलेली कातडी वाटावी. असं काम करायला कागदाचा जो भाग कोरा ठेवायचा तो डिंकाने किंवा कापलेल्या कागदाने झाकून मग पाण्यावर ठेवायचा. तुर्कीतही हे तंत्र आहे, आक्कासे म्हणतात. पण यावरून 'आपल्याकडून तिकडे गेलं' असं होत नाही. त्या काळात इराण, मध्य आशिया, ऑटोमन राज्य आणि दख्खन यांच्यात कारागीर, कागद, सुलेखनकार, तोफा ओतणारे सगळे ये-जा करत होते. विजापूरची मुलूख मैदान तोफ १५४९ ला आपल्या नगरला ओतली, आणि ओतणाऱ्याच्या नावापुढे 'रूमी' आहे, म्हणजे ऑटोमन मुलखातला. मग कागद हलका, तो तर सहज जाईल-येईल. जुन्या फारसी कृतींमध्ये पाणी घट्ट करायला मेथीचा चीक सांगितलाय, मी एकदा करून बघितला, होतो, पण घरभर मेथीच्या लाडवाचा वास सुटला आणि शेजारच्या काकू डबा घेऊन आल्या.

आणि उलट बाजूने, अगदी उस्कुदारच्या जुन्या एब्रूकारांच्या निळ्या रंगाला नाव काय, तर 'लाहोर चिविदी', लाहोरची नीळ. तेव्हा भावाला म्हणावं कुणाचं आहे हे भांडण त्या ट्रेमध्ये फार वेळ टिकत नाही. पण मग तुर्कस्तानचं का म्हणायचं? मी म्हणते, आणि ठासून म्हणते, कारण विजापुरात ते थांबलं आणि तिकडे माणसांनी ते हातातून हातात देत ठेवलं. कोण होती ही माणसं ते जरा सांगते, रील्सच्या खाली त्यांची नावं कोणी लिहीत नाही म्हणून.

अठराव्या शतकात इस्तंबूलच्या आयासोफिया मशिदीत खतीब, म्हणजे शुक्रवारचं प्रवचन देणारे, असलेले हातिप मेहमेद एफेंदी. थेंबावर थेंब असे चार-पाच रंग एकात एक टाकायचे आणि दाभणाने चार बाजूंनी ओढायचं की फुलासारखा, भिंगरीसारखा आकार होतो, त्या प्रकाराला आजही 'हातिप' म्हणतात. १७७३ ला ते गेले, घराला आग लागली आणि स्वतःचे कागद वाचवायला आत गेले असं सांगतात. मग एकोणिसावं शतक, उस्कुदारच्या सुलतानतेपे टेकडीवरचा उझबेक दर्ग्यासारखा मठ, तिकडे तेक्के म्हणतात. बुखारा-समरकंदकडून हजला निघालेले लोक तिथे मुक्काम करायचे. तिथले शेख सादिक एफेंदी बुखाऱ्याला एब्रू शिकून आले, त्यांच्याकडून त्यांचा मुलगा इब्राहिम एधेम एफेंदी शिकला (१८२९ ते १९०४). याला लोक 'हेझारफेन' म्हणत, हजार फन जाणणारा, आपल्याकडचा हरहुन्नरी. सुतारकाम, लोहारकाम, छपाई, वाफेचं यंत्रसुद्धा बनवलं होतं म्हणे, आणि रिकाम्या वेळात एब्रू. त्याच्या हाताखाली तयार झाले नेजमेद्दीन ओक्याय (१८८३ ते १९७६). मशिदीचे इमाम, सुलेखनकार, पुस्तकबांधणी करणारे, गुलाबांच्या कितीतरी जाती वाढवणारे आणि धनुर्धारी. आडनावं घ्यायचा कायदा आला तेव्हा त्यांनी घेतलेलं आडनाव बघा, ओक म्हणजे बाण, याय म्हणजे धनुष्य.

ताई, तुमचा ट्यूलिप या ओक्यायांचा आहे. त्यांच्या आधी एब्रूत फुलासारखं काही काही होत असे, पण ट्यूलिप, कार्नेशन, हायसिंथ ओळखता येतील असे पाण्यावर काढायची रीत त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बसवली, म्हणून फुलांच्या एब्रूला 'नेजमेद्दीन एब्रू' असंही म्हणतात. म्हणजे जी गोष्ट बघून सगळे या कलेकडे येतात ती त्यातली सगळ्यात नवी, जेमतेम शंभर वर्षांची. आणि ती करणारा माणूस आधी कित्येक वर्षं साधे ठिपके टाकत होता.

त्यांच्याच डोळ्यांदेखत धंदा मात्र बसला. १९२५ ला तेक्के कायद्याने बंद झाले, १९२८ ला लिपी बदलली. एका वर्षात अरबी लिपीतलं सुलेखन निरुपयोगी झालं म्हटल्यावर सुलेखनाच्या कडेला लावायचा कागद कोण घेणार? कल्पना करा, उद्यापासून देवनागरी बंद म्हणून सांगितलं तर बोर्ड रंगवणाऱ्यापासून लग्नपत्रिकावाल्यापर्यंत कोणकोण घरी बसेल. तेव्हा ही कला जवळजवळ उस्कुदारच्या एका वस्तीपुरती उरली. आणि ती धरून ठेवणारा पुढचा माणूस माझा सगळ्यात लाडका, मुस्तफा द्यूझगुनमान (१९२० ते १९९०), ओक्यायांच्या नात्यातलाच. उस्कुदारच्या बाजारात त्यांचं वडिलोपार्जित अत्तारीचं दुकान होतं. अत्तारी म्हणजे सेंट नव्हे, आपल्याकडचं काष्ठौषधी-मसाल्याचं दुकान असतं ना, सुंठ, हिराकस, डिंक, जायफळ सगळं मिळतं ते. म्हणजे बघा, गिऱ्हाईकाला जिरं बांधून द्यायचं आणि त्याच दुकानात कित्रेही विकायला. फुलांचे आकार त्यांनी घोटून घोटून पक्के केले, डेझीचं फूल त्यांनी यात आणलं, आणि एब्रूवर एक लांब कविताही लिहिली. आज तिकडे जे मोठे लोक दिसतात त्यातले बरेचसे त्यांच्या हाताखालून गेलेले, बासरीसारखं नेय वाजवणारे नियाझी सायिन हेसुद्धा त्यांच्याचकडे एब्रू शिकले. हिकमेत बारुत्चुगिल यांनी वेगळी वाट धरली, १९७३ च्या सुमारास विद्यार्थी असताना स्वतः धडपडून सुरुवात केली, आणि त्यांच्या एब्रूत रंगांच्या आत रंग फुटल्यासारखे पोत येतात, त्याला 'बारुत एब्रू' म्हणतात. जुन्या वळणाच्या लोकांना ते पटत नाही. मला पटतं, पण सुरुवातीच्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये, ते दिसायला मोकळं आहे म्हणून सोपं वाटतं एवढंच. २०१४ ला युनेस्कोच्या यादीत एब्रू आलं, तेव्हापासून तिकडे जिकडेतिकडे टुरिस्टांसाठी वीस मिनिटांचे क्लास निघालेत, तुम्ही ट्यूलिप काढलात असं वाटतं आणि हात तुमचा धरून ती बाईच काढत असते. मजा म्हणून हरकत नाही. आपल्याकडे आता 'एब्रू थेरपी' निघालीय, मन शांत होतं म्हणून. माझं तर ज्या दिवशी पाणी बिघडतं त्या दिवशी कोणाशी बोलायची सोय नसते.

परत कामाकडे येते. तुमच्या किटमध्ये रंगासाठी ड्रॉपर दिलेत ते बाजूला ठेवा आणि ब्रश करा, तो विकत घेऊ नका, करा. गुलाबाची बोटाएवढ्या जाडीची काटे काढलेली काडी, आणि घोड्याच्या शेपटीचे केस. गुलाबाची काडी सारखी ओलीत राहूनही लवकर कुजत नाही आणि लवचिक असते. केस टांग्यावाल्याकडे किंवा घोड्यांच्या तबेल्यात मागितले तर मिळतात, वेड्यासारखे बघतात पण देतात. केस काडीभोवती कडेकडेने लावायचे आणि नायलॉनच्या दोऱ्याने घट्ट गुंडाळायचे, मधली जागा पोकळ राहिली पाहिजे, खालून बघितलं तर बांगडीसारखं दिसलं पाहिजे. त्या पोकळीत रंग धरला जातो. रंगात बुडवायचा, डब्याच्या काठाला दाबून जास्तीचा काढायचा, आणि मग ट्रेवर आडवा धरून डाव्या हाताच्या तर्जनीवर हलकेच आपटायचा. झटकायचा नाही, आपटायचा. थेंब साबुदाण्याएवढे, सारखे, सगळीकडे पडले पाहिजेत. पहिल्या आठवड्यात माझी तर्जनी हिरवी-निळी झाली होती, काही रंगाने, काही माराने.

या नुसत्या ठिपक्यांच्या कागदाला 'बत्ताल' म्हणतात आणि सगळं इथूनच सुरू होतं. बत्ताल नीट आला की त्याच्यावर दाभण उभं-आडवं फिरवलं की 'गेलगित' होतं, म्हणजे शब्दशः ये-जा. मग फणी फिरवून 'तराकली', मग गोल गोल आत नेलं की 'बुलबुल युवासी', बुलबुलचं घरटं. हातिप त्याच्या पुढे. फुलं सगळ्यात शेवटी. तिकडे नुसता पाया तयार व्हायला दोन वर्षं धरतात. तुम्ही घरी शनिवार-रविवार करणार असाल तर मी म्हणेन निदान पन्नास बत्ताल करा, सगळे ठेवा, मागे तारीख, रंगांचा क्रम आणि पित्त किंवा रिठ्याचे थेंब किती ते लिहा. विसाव्यापर्यंत रडू येईल. तिसाव्याच्या आसपास अचानक एक दिवस थेंब स्वतःहून पसरतील आणि तुम्हाला कळणारही नाही की वेगळं काय केलं, म्हणून तर ते लिहून ठेवायचं.

कागद टाकायचा तेव्हा एक कोपरा आधी टेकवा आणि तिरका तिरका सोडत जा, थांबायचं नाही, मध्ये थांबलात की तिथे रेघ. हवा अडकली तर पांढरा डाग पडतो, तो नंतर काही केल्या जात नाही. दहा-पंधरा सेकंद थांबा, मग दोन्ही कोपरे धरून ट्रेच्या काठावरून घासत ओढा म्हणजे जास्तीचं पाणी काठाला निथळतं. रंग सगळा कागदावर गेलेला असतो, पाणी परत कोरं. तीच नक्षी दुसऱ्यांदा मिळत नाही, एकच प्रत. पुढचा कागद करायच्या आधी वर्तमानपत्राची पट्टी कापून पाण्याच्या तोंडावरून एकदा ओढून घ्या, नाहीतर वर साय धरते आणि रंग त्या सायीवर अडकून बुडतात. तुमचा 'पहिले दोन बरे येतात आणि मग बिघडतं' हा जो प्रॉब्लेम आहे तो शंभर टक्के हा आहे.

पंखा बंद. धूळ पडली की प्रत्येक कणाभोवती भोक. मे महिन्यात पुण्यात कॅरागीनन दीड-दोन दिवसांत सडतं, फ्रीजमध्ये ठेवत असाल तर वापरायच्या आधी तीन-चार तास बाहेर काढा, पाणी आणि रंग एकाच तापमानाला हवेत. पावसाळ्यात कागद आधीच दमट असतो, तेव्हा जरा कमी ओला करा आणि वाळवायला दोन दिवस धरा. मी डिसेंबर-जानेवारीत वर्षाचा साठा करून ठेवते.

आणि पाणी शेवटी शेवटी रंगाने गढूळ, जुनं झालं की लगेच ओतून देऊ नका. अशा थकलेल्या पाण्यावर रंग टाकला की तो गुळगुळीत पसरत नाही, वाळूसारखे बारीक कण होतात, कधी माशाच्या काट्यासारख्या रेषा. आपण म्हणू बिघडलं. तुर्की उस्तादांनी त्याला नाव देऊन टाकलं, 'कुमलू' म्हणजे वाळूचं आणि 'किलचिकली' म्हणजे काट्याचं, आणि जाणूनबुजून त्या अवस्थेची वाट बघतात. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या पोथ्यांच्या अस्तराला सगळ्यात शोभतो तो हाच कागद, ताज्या पाण्यावर केलेला नाही शोभत. तेव्हा शेवटच्या दिवशीच्या पाण्यावर चार कागद काढाच, मग ते बेसिनमध्ये न ओतता बादलीत काढून टाका, पाइप तुंबतो, प्लंबरला समजावून सांगणं फार अवघड जातं.

पंचवीस-तीस बत्ताल झाले की उन्हात न ठेवता दिवसा खिडकीशी फोटो काढून पाठवा, मागच्या नोंदीसकट, कुठे काय चुकतंय ते सांगते. ट्यूलिपचा फोटो इतक्यात पाठवू नका. आणि किटमध्ये तो ग्लिटरवाला जेल आलाय ना, तो भावाला देऊन टाका, म्हणावं विजापूरचा तो घोडा करून दाखव.